हिरव्या दोऱ्याची पॅडं

९ सप्टेंबर

शुद्धलेखनाच्या चुका असतील, आधीच माफी मागते. टायपिंगही हळू आहे. एका बोटाने चाललंय आणि ते बोटही घाबरत घाबरत. क्ष सापडला, पण त्याच्या पुढचं अक्षर कुठे दडलंय ते कळत नाहीये, म्हणून ते लागेल असे शब्द मी टाळणार आहे. माफी कुणाकडे मागतेय कुणास ठाऊक, कारण हे कुणाला दाखवायचंच नाहीये.

हा लॅपटॉप आत्याचा जुना. कामाचं टायपिंग मला यावं म्हणून तिने दिला. रोज काहीतरी लिहीत जा, हात बसेल, म्हणाली. काय लिहू असं विचारलं, तर म्हणाली, "मनात येईल ते. तोंडाने बोलत नाहीस, निदान बोटांनी तरी बोल."

तर मी आत्याच्या कारखान्यात शिवते. कारखाना म्हणजे तिसऱ्या मजल्यावरची एक लांब खोली, तीन मशिनं, एक कापायचं टेबल, आणि मागे आत्या राहते ती छोटी खोली. एकटीच राहते. आम्ही पाळीची कापडी पॅडं शिवतो, धुवून परत वापरायची. मी, आत्या आणि चष्मेवाली, तिघीच. चष्मेवालीला खरं नाव आहे, पण त्या नावाने हाक मारली तर ती स्वतःच मागे वळून बघते, कुणाला म्हणतायत म्हणून. मला दोघी पुटपुट म्हणतात. शाळेत मोठ्याने वाचायला उभं केलं की आवाज माझ्या घशातच बसायचा. मागून कुणीतरी "ऐकू येत नाही" ओरडायचं, की उरलेलाही जायचा. शेवटी मी शाळेतच जायचं बंद केलं. आई रडली. आत्या म्हणाली, माझ्याकडे पाठव, मशीन काही वाचून दाखव म्हणत नाही.

इथली लिफ्ट बंद आहे. मी आले तेव्हाही बंद होती.

एवढं लिहायला एक तास गेला.

१५ सप्टेंबर

आज दुसरं काही झालं नाही म्हणून तपासणीबद्दल लिहिते.

आमच्या लेबलवर "तीन वर्षं टिकतं" असं छापलेलं आहे. दवाखान्यातल्या सिस्टरना मुलींच्या वसतिगृहासाठी आमची पॅडं हवीत. पण त्या म्हणाल्या, लेबल काय कुणीही छापतं, मुलींसमोर शब्द माझा जाणार, तेव्हा मला वापरलेली दाखवा. म्हणून एप्रिलपासून चार जणी एकेक संच वापरतायत. कुणाचा कुठला ते कळायला कडेला रंगीत दोऱ्याचा एक टाका आहे. निळा माझा. लाल चष्मेवालीचा. पिवळा आईचा. आई आधी "असलं काय चारचौघांत मांडायचं असतं का" म्हणाली, पण घेतला.

हिरवा एका बाईंचा आहे. त्या कोण ते आत्या सांगत नाही. फार लाजतात म्हणे. मला त्या बाई न बघताच आवडल्या. आत्या स्वतः तपासणीत नाही, कारण तिची पाळी बंद होऊन सहा वर्षं झाली. "मी सुटले," म्हणते.

महिन्यातून एकदा सगळी धुतलेली पॅडं माझ्याकडे येतात. टीप ओढून बघायची, टिचबटणं लावून काढून बघायची, चमचाभर पाणी ओतून कापड किती पटकन पितं ते बघायचं. शेवटी खिडकीशी धरायचं. कापड विरलं असेल तर उजेड आरपार येतो. हे काम मला आवडतं. पॅडांशी बोलावं लागत नाही.

जानेवारीत सिस्टर बघायला येणार. पसंत पडली तर आम्हाला वर्षभर मान वर करायला वेळ नाही. नाही पडली तर एक मशीन जाईल. कुठलं ते आत्या बोलत नाही, पण सगळ्यात शेवटी आलेलं माझंच आहे.

३ ऑक्टोबर

आज महिन्याची तपासणी.

निळी, लाल, पिवळी, सगळी ठीक. जरा रंग उडालाय, बाकी काही नाही. पण हिरवी! मागच्या महिन्यात नुसती झिजल्यासारखी वाटली होती, आता वरचं फ्लॅनेल मऊ राहिलेलंच नाही, लव सगळी गेलीय. खिडकीशी धरलं तर मधून चाळणीसारखा उजेड. एका पॅडाची टीप उसवलेली, एकाचं टिचबटण कापडासकट उपटलेलं. सहा महिन्यांत. आणि लेबलवर तीन वर्षं.

चारही संच मीच शिवलेत. म्हणजे चूक माझीच. दोरा सैल राहिला असेल, नाहीतर सुई जाड लावली असेन.

चष्मेवाली म्हणाली, "ही बाई पॅड वापरते की जिने पुसते?" आत्याला हसू आलं. हसता हसता ती टेबलाला धरून खाली बसली. हल्ली तिला हसायलाही दम लागतो. तिच्या खुर्चीवर घडी केलेला टॉवेल असतो, तो आधी सरकवून नीट केला, मग बसली. खुर्ची टोचते म्हणते. मी उशी शिवून देते म्हटलं, तर नको म्हणाली, टॉवेल धुता येतो.

११ ऑक्टोबर

आठ दिवस मी नीट जेवले नाही. आज आत्याने मला मागच्या खोलीत बोलावलं आणि सांगितलं की तुझ्या टिपेत काही वावगं नाही, कापडाचा तागाच खराब निघाला.

मला बरं वाटायला हवं होतं. पण निळा संचही त्याच ताग्यातला आहे. तो तर चांगला आहे. हे मी म्हटलं, पण नेहमीसारखं, ओठांतल्या ओठांत. आत्याला ऐकू गेलं नाही. किंवा गेलंही असेल. ती उशांना टेकून पडली होती. दुपारी ती कधी पडत नाही.

२७ ऑक्टोबर

हिरव्या बाईंना नवा संच हवाय. मी दुहेरी टीप मारली, टिचबटणांखाली जाड कापडाचा तुकडा दिला. हिरवा टाका घालताना मुद्दाम दोन घातले. आत्याला म्हटलं, त्यांना सांग, ब्रशने घासू नका, थंड पाण्यात भिजत टाका आणि हलक्या हाताने चोळा. एवढं लांब वाक्य मी तिच्यासमोर पहिल्यांदाच बोलले असेन.

"सांगते हं," म्हणाली.

२९ ऑक्टोबर

विचारलं, त्या काय म्हणाल्या.

आत्या सुईत दोरा ओवत होती. आधी तो ओवून घेतला. मग म्हणाली, "म्हणाल्या, पोरगी गुणाची आहे."

आज दिवसभर मशीन कसं पळालं सांगू.

१६ नोव्हेंबर

आई कारखान्यात आली होती. आत्याला बघून म्हणाली, नणंदबाई, किती वाळलात, काय उपासतापास करताय का. आत्या म्हणाली, वहिनी, तीन मजले चढउतार करून बघा, तुम्हीही सडपातळ व्हाल. दोघी हसल्या. जाताना आई मला जिन्यात म्हणाली, तिच्याकडे लक्ष ठेव, खाते की नाही बघत जा. बघते. अर्धं ताट परत येतं. अंगठी बोटातून गळायला लागली म्हणून तिने आतल्या बाजूने दोरा गुंडाळलाय. हाताशी हिरवं रीळ होतं, तोच. कपडे रोज काळेच घालते. काळ्यावर तेलाचे डाग दिसत नाहीत म्हणे. मशीनला तेल तर मी घालते.

चष्मेवालीला म्हटलं, आत्या म्हातारी दिसायला लागली ना. ती म्हणाली, ऑर्डरची काळजी. मलाही तसंच वाटतं.

५ डिसेंबर

महिन्याची तपासणी. हिरव्या बाईंचा नवा संचही माझ्या निळ्यापेक्षा भराभर विरतोय. आणि गंमत म्हणजे जुनाही सोबत आलाय. टाकून दिला नव्हता! विरलेल्या जागी रफू करून, दोन्ही संच वापरतायत. रफू इतकं बारीक की बोटाला लागत नाही. टाके उलट्या बाजूला कललेले आहेत. म्हणजे डावखुऱ्या हाताचे. इथे डावखुरी फक्त आत्या, म्हणजे तिनेच करून दिलंय. एका अनोळखी बाईसाठी केवढा जीव लावते ती, आणि तब्येत अशी असताना.

पण दोन संच कशाला लागतात? मी आईला विचारलं होतं. आई म्हणाली, एवढं जात असेल तर दाखवायला हवं त्यांनी, अंगावर काढू नये. ते मी आत्याला सांगितलं.

"दाखवतील त्या," आत्या म्हणाली. "जानेवारी होऊ दे. कामात आहेत जरा."

मी म्हटलं, मला भेटव ना त्यांना. ती म्हणाली, भेटशील. मग मला पाणी आणायला पाठवलं आणि मी येईपर्यंत आतून दार लावून घेतलं.

२ जानेवारी

सिस्टर दहा तारखेला येणार. आत्याने सांगितलं, हिरवी पॅडं टेबलावर मांडायची नाहीत, टाकून दे. एकीने मधेच सोडलं असं सांगू.

टाकली नाहीत. पिशवीत घालून माझ्या मशीनच्या खणात ठेवली. का ते माहीत नाही. माझ्या हाताने शिवलेली आहेत म्हणून असेल.

९ जानेवारी

उद्या. सारखं हेच डोक्यात येतंय. तागा खराब असेल तर वसतिगृहातल्या मुलींना आपण खोटं लेबल देणार. तागा चांगला असेल तर हिरव्या बाईंना नक्की काहीतरी झालंय, आणि त्यांना कुणी सांगत नाहीये. आत्या जानेवारी जानेवारी करते. जानेवारी तर आला. सिस्टर दवाखान्यातल्या आहेत, बघितलं की त्यांना कळेल. पण दाखवलं तर ऑर्डर जाईल. मशीन जाईल, माझंच. परत घरी, दिवसभर खिडकीत.

आणि बोलायला तर मलाच लागेल.

१० जानेवारी

सगळं क्रमाने लिहिते, नाहीतर राहून जाईल.

सिस्टर आल्या. जिना चढून दमल्या, पाणी प्यायल्या, बंद लिफ्टला दोन शब्द सुनावले. मग एकेक पॅड उचलून बघितलं, माझ्यासारखंच, खिडकीशी धरून. लाल, पिवळं, निळं. खूश होत्या. मग म्हणाल्या, चार जणी म्हणाला होतात ना?

आत्या म्हणाली, एकीने मधेच सोडलं.

मी उठले. खणातून पिशवी काढली आणि हिरवी पॅडं टेबलावर ठेवली. आत्याने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. दमल्यासारखं.

सिस्टरनी वरचं पॅड उचललं. कुणाचं म्हणून विचारलं. आत्या म्हणाली, आहेत एक बाई, रगडून धुतात. सिस्टरनी ते उजेडात धरलं, बराच वेळ. मग म्हणाल्या, "रगडून धुतलं तर आधी कडा जातात. हे मधे विरलंय. हे महिन्यातले चार-पाच दिवस वापरलेलं नाही, हे रोज वापरलंय. वय काय त्या बाईंचं?"

आत्याने समोरचा चहाचा कप उचलला. चष्मेवालीने मशीन थांबवलं.

मला वाटलं, आत्या लाजाळू बाईंचं नाव सांगायला कचरतेय. मला वाटलं, मी मदत करतेय. मी म्हणाले, "आत्याला माहितीये त्या कोण. रफू आत्यानेच करून दिलंय. डावखुरे टाके आहेत." आणि ते सगळ्यांना ऐकू गेलं. खोलीभर.

सिस्टरनी पॅड खाली ठेवलं आणि आत्याकडे बघितलं. आत्याच्या डाव्या हातात चहाचा कप होता. त्याच हातात दोरा गुंडाळलेली अंगठी. सिस्टरनी खुर्चीवरचा टॉवेल बघितला. मग मीही बघितला. रोज बघते तोच टॉवेल.

"तुमची बंद होऊन किती वर्षं झाली?" सिस्टरनी विचारलं. अगदी हळू, माझ्यासारखं.

"सहा."

"आणि हे कधीपासून?"

"मार्चपासून," आत्या म्हणाली. "आधी थोडंच होतं. म्हटलं, वयाचं असेल. मग म्हटलं, तेवढी ऑर्डर हातात येऊ दे."

तपासणी एप्रिलमध्ये सुरू झाली. हिरवा संच तपासणीसाठी नव्हताच.

सिस्टर म्हणाल्या, उद्या सकाळी पहिल्यांदा दवाखान्यात यायचं, मी दारात उभी असेन. आत्या म्हणाली, आणि ऑर्डरचं? सिस्टर म्हणाल्या, आधी तुम्ही या.

त्या गेल्या. मी टेबलाशी उभी होते. आत्या उठली, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "पुटपुट, आवाज आहे की गं तुला."

११ जानेवारी

आज लिहवत नाही.

मी तिला ब्रशने घासू नका म्हणून निरोप दिला होता.

२४ जानेवारी

क्षच्या पुढचं अक्षर सापडलं. मोठ्या दवाखान्यात ज्यांच्याकडे पाठवलं त्यांच्या दारावर "तज्ज्ञ" असं लिहिलंय, ते लिहायचं होतं म्हणून शोधलं. आता वाटतं, नसतं सापडलं तरी चाललं असतं.

गाठ आहे. गर्भाशयात. काढायचं म्हणतात सगळंच. आई आत्यावर चिडली, मग माझ्यावर, मग दवाखान्यातल्या पंख्यावर. दहा महिने अंगावर काढलं, घरात बाई माणूस नव्हतं का, मी मेले होते का, असं म्हणून रडली. आत्या तिला समजावत बसली. म्हणजे आजारी कोण तेच कळेना.

मी बाहेर बाकावर बसून विचार करत होते, मी रोज तिच्यासमोर बसायचे. पॅड उजेडात धरून बघायचे, आणि तिला नाही.

३१ जानेवारी

ऑपरेशन झालं. तिला शुद्ध आली तेव्हा पहिलं विचारलं, कापडाच्या कडा शिवायच्या ओव्हरलॉक मशीनला तेल घातलंस का. घातलं होतं.

कारखान्यात फोन आला की आता मी उचलते. दोरेवाला दोनदा "जरा मोठ्याने बोला" म्हणाला. बोलले.

१० फेब्रुवारी

सिस्टर कारखान्यात आल्या होत्या. ऑर्डर दिली. मी म्हटलं, हिरव्या संचाचं काय? त्यांनी मला समोर बसवून बोटांवर मोजून दाखवलं. पहिला संच सहा महिने रोज वापरला. एखादी मुलगी महिन्यातले पाच दिवस वापरेल, तर तेवढंच वापरायला तिला तीन वर्षं लागतील. तीन वर्षांनी जसं विरायला हवं तसंच ते विरलं, टीप तेव्हाच उसवली. म्हणजे लेबल खरं आहे. तागाही चांगला होता आणि टीपही.

हे ऐकून मला आनंद व्हायला हवा होता.

संध्याकाळी दवाखान्यात जाऊन आत्याला सांगितलं. ती उशीला टेकून बसली होती, चेहरा कागदासारखा, पण हसली. म्हणाली, "बघ, पुऱ्या तीन वर्षांची तपासणी सहा महिन्यांत उरकून दिली तुम्हाला." मग म्हणाली, सकाळी डॉक्टर आले होते. थोडं बाहेरही पसरलंय म्हणतात, पुढे अजून औषधं आहेत, लांबलचक. "मी त्यांना विचारलं, माझ्या लेबलवर किती वर्षं छापू? तर बाई, एवढा मोठा डॉक्टर, कागद चाळत बसला आणि काहीतरी पुटपुटला. तुझी आठवण आली."

मी विचारलं, काय पुटपुटला.

"ऐकू नाही आलं," म्हणाली. मग माझा हात धरून बसली. अंगठी तिच्या बोटात नव्हती, उशाशी वाटीत होती, हिरव्या दोऱ्यासकट.

१२ फेब्रुवारी

सिस्टर येऊन गेल्यावर आत्याने हिरवे दोन्ही संच परत आत नेले होते, ते मागच्या खोलीतून आणले आणि धुतले. थंड पाण्यात भिजत घातले, हलक्या हाताने चोळले. आता तिला ते लागणार नाहीत. वाळत घातले खिडकीतच, सगळ्यांना दिसतील असे. वारा आला की मधल्या विरलेल्या जागेतून उजेड हलतो. चष्मेवाली बराच वेळ बघत उभी राहिली, पण चेष्टा केली नाही.

उद्या वसतिगृहाच्या पॅडांचं कापड कापायला घ्यायचं आहे. त्याच ताग्यातलं.

आणि हो, लिफ्ट चालू झाली. खरंच. दुपारी कुणीतरी माणूस आला, काहीतरी ठोकलं आणि झाली. चष्मेवाली कारण नसताना तीनदा खाली जाऊन वर आली.